आवळलेली चेन

मागच्या चाकावरची खडूची खूण वर असली, की मोटरसायकलची चेन तीस मिलिमीटर हलायची. चाक अर्धा फेरा फिरवून खूण खाली आणली, की तीच चेन तारेसारखी ताठ! जेमतेम पाच मिलिमीटर हलायची.

थोरल्या पोरीनं तीनदा मोजलं. सगळं मोजत बसते म्हणून घरात तिचं नावच 'मोजपट्टी' पडलं होतं.

"पण शोरूममधून कालच चेन आवळून आणलीय ना?" तिचा धाकटा भाऊ ठोंब्या म्हणाला.

"एकाच जागी मोजलीय त्यांनी. चाक फिरवलंच नाही! ताठ जागी ताण येऊन तुटेल ती. आणि आई हीच गाडी रोज हायवेवरून नेते!"

मामा त्याच शोरूममध्ये मेकॅनिक. तो मान खाली घालून म्हणाला, "फोरमन एका गाडीला पाचच मिनिटं देतो. चाक फिरवत बसलं की..." त्याच्या गालावर चार लाल वळ होते.

"हे काय, मामा?"

"दार लागलं."

"दाराला बोटं असतात?" ठोंब्यानं विचारलं.

आई भडकली. "सोड ती नोकरी! घरीच गॅरेज टाक."

"बघू," मामा म्हणाला. हे 'बघू' दोन वर्षं चाललं होतं.

आईनं आणि पोरांनी गाडी ढकलत थेट शोरूम गाठलं. मामाही मागोमाग आला. सगळ्या गिऱ्हाइकांदेखत मोजपट्टीनं फोरमनला विचारलं, "काका, ही खूण खाली येईपर्यंत चाक फिरवून चेन मोजता?"

"एवढीशी पोरगी मला शिकवणार?" फोरमन कडाडला. मग मामाकडे वळून, "तूच फितवलंस ना हिला?" फाडकन आवाज झाला! मामा हत्यारांच्या ढकलगाडीवर कोसळला. पान्हे खणखणत पडले, त्याचा ओठ फुटला.

"काही झालेलं नाही चेनला! बघा!" फोरमननं गाडी स्टँडवर लावून सुरू केली, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर पिळला.

"मागे व्हा!" मोजपट्टीनं ठोंब्याला खांबाआड ओढलं.

ताड्! चेन तुटली, चाबकासारखी फिरली. इंजिनचं आवरण फुटून तेल उडालं, समोरच्या काचेचा चुरा झाला. एक तुकडा फोरमनच्या दंडात घुसला. रक्त बघून तो पिसाळला आणि पान्हा उचलून मोजपट्टीवर धावला. "तुझ्यामुळं!"

मामानं त्याचं मनगट हवेतच धरलं आणि पिरगाळलं. पान्हा खाली पडला.

"शाबास, पोरी!" एक म्हातारे गिऱ्हाईक पुढे आले. "हे रस्त्यात झालं असतं तर तुझी आई हाती लागली नसती. ए फोरमन, माझी किल्ली दे इकडे! माझ्या गाडीला हात लावू नकोस."

सगळे मामाकडे बघत होते. त्यानं ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं. शोरूमचा शर्ट काढून फोरमनच्या पायाशी टाकला.

"ताई, चल. नोकरी सोडली मी. उद्यापासून गॅरेज घरी."