खोट्या मरणाचं रडू

लाईट गेली तं जाऊ द्या. बसा तसेच. जे सांगायचंय ते अंधारातच बरं, तोंड दिसत न्हाई.

फाल्गुनातली गोष्ट, ह्याच सालातली. मी तंबाखू आणायला निघालो होतो. खालच्या शिवारात हळद शिजून राहिली होती, तिचा उग्र वास टेकडी चढून आमच्या तांड्यापर्यंत आलेला. लिंबाखालून चाललो आन् कावळ्यानं टाळूवर पाय दिला. नुसता शिवला न्हाई, बसला. नख्या लागल्या. मी शिवी घातली तवा उठला, तेबी सावकाश.

घरी येऊन बायकोला सांगितलं, ही माझी चूक. मिराबाईनं तोंडावर पदर घेतला. कावळा टाळूवर बसला म्हणजे काय, हे आमच्याकडं लेकराला बी ठाऊक. त्याला उतारा एकच. जवळच्या माणसाला खोटी खबर धाडायची, की अमका गेला. ते माणूस रडलं की मरण त्या रडण्यावर फिटतं. मंग खरी खबर द्यायची की हाय, जित्ता हाय, आन् सगळ्यांनी हसायचं.

"मिनाला फोन लावा," मिराबाई म्हणाली. "सांगते मी, तुजे बापू गेले म्हणून."

मिना आमची एकुलती लेक, साखरा गावाला दिलेली. माझं आन् तिचं बोलणं म्हणजे दिवाळीला दोन शब्द, तेबी भांडणाचे. माझ्या जिभेला हाड न्हाई, हे तांड्यात कोनालाबी विचारा.

"न्हाई लावायचा," म्हणलं. "अडाण्याचे खेळ हायेत हे."

"तुमी काय म्याट्रिक हाव?"

"गप."

खरं सांगू का? मी चौथीपण धड पास न्हाई, आन् कावळ्याचं मला तिच्याहून जास्त भेव होतं. पण दुसरं एक भेव त्याच्या वर बसलेलं. खबर गेली आन् मिना रडलीच न्हाई तं? मरण राहिलं बाजूला, ते कळल्यावर जगायचं कोन्या तोंडानं?

तेवढ्यात व्यंकटराव फटफटी घेऊन आला. खालच्या गावचा, कोनाचंबी काम जमवून देणारा.

"बाबा, वढ्याकाठी डाक्टर लोक उतरलेत. नागपूरचे, हैदराबादचे. सकाळी दोरी धरून कडा उतरतात, सांजच्याला तंबूत पडदा लावून शिकतात. शिकल्याचे गुण भेटतात म्हणे. गुण न्हाई जमले तं डाक्टरकीचा परवाना अडतो."

"म्हणजे मौज करायला आले."

"मौज बी आन् शाळा बी."

"मंग तिकडं दवाखान्यात कोन बसलंय? कंपाउंडर?"

तो हसला. "दुपारी नाटक हाय त्यांचं. जीप दरीत पडली आसं धरायचं. कोनी जखमी, कोनी मेलेलं. म्हातारी माणसं पायजेत. नुसतं पडून राहायचं."

माझ्या डोक्यात तवाच आलं. फुकटचं मरण चालून आलं होतं! मिनाला कळवायला नको, पारख नको.

"मेलेला मी बनतो," म्हणलं.

मिराबाई दारात पाय पसरून बसलेली. तिचे गुडघे गेलेत, आधाराशिवाय उठवत न्हाई तिला. ती म्हणाली, "पण रडंल कोन?"

"एवढ्या डाक्टरिणी हायेत. रडंल एखादी."

वढ्यात पाणी नव्हतं. तापलेले गोटे, सागाची वाळकी पानं आन् डोक्यावर उन्ह. माहेनूर नावाची डाक्टरीण होती, माझ्या मिनाच्या वयाची. तिच्या हातात रंगीत चिठ्ठ्या, दोऱ्याला बांधलेल्या. लाल म्हणजे आधी उचला. पिवळी म्हणजे थांबू शकतो. हिरवी म्हणजे चालता येतं. काळी म्हणजे संपलं.

"आजोबा, तुम्हाला लाल देते. पाय मोडलाय तुमचा, जोरात ओरडायचं."

"काळी द्या."

"काळीचं काम कंटाळवाणं असतं हो. कोणी थांबत नाही तुमच्यापाशी."

"रडायला बी न्हाई?"

ती हसली. चांगली पोरगी, वाईट हेतू न्हाई. "काळी दिसली की पुढं जायचं. आजचा धडाच तो आहे."

तवाच उठून घरी यायला पायजे होतं. पण सगळे बघून राहिले होते. तिनं काळी चिठ्ठी गळ्यात घातली, माझा मोबाईल बंद करायला लावला, तो मी बंडीच्या खिशात टाकला आन् गोट्यांवर आडवा झालो.

शिट्टी वाजली. डाक्टर धावत आले. एका पोरसवदा डाक्टरनं चिठ्ठी न बघताच कातरीनं माझं धोतर मांडीपर्यंत फाडलं. वर काठावर बघायला आलेल्या बाया उभ्या. मंग कोनी तरी म्हणालं, "अरे, हा काळा आहे, सोड." तो सोडून गेला. धोतर तसंच उघडं. मेलेल्या माणसाला हात हलवून झाकता बी येत न्हाई. मी डोळे मिटून घेतले. पायांचे आवाज वढ्यानं वर गेले, बायाबी त्यांच्यामागं गेल्या, वळणापलीकडं लाल चिठ्ठीवाल्यांचं ओरडणं बारीक झालं, आन् मंग काहीच न्हाई. पाखरू बी न्हाई.

तवा बांगड्या वाजल्या.

पाऊल वाजलं नव्हतं. वाळक्या पानांवरून मुंगूस गेलं तरी कळतं, पण पान वाजलं न्हाई. एकदम जवळ, कानापाशी, कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या. आमच्या जुन्या बाया घालायच्या तशा. हळदीचा वास गेला आन् दुसरा आला... बंद खोलीतल्या राखेसारखा.

आन् ती रडायला लागली.

आमच्या बाया मढ्यावर रडतात ते सुरात, आन् नातं घेऊन. बापा म्हणतील, दादा म्हणतील. नातं न घेता रडत न्हाईत. हीबी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीतच रडत होती, तवा डाक्टरीण नव्हती हे पक्कं. मी पडल्या पडल्या वाट बघून राहिलो, कोन्तं नातं घेते. मिना आसंल तं 'बापू' म्हणंल. म्हण, म्हणलं मनात. म्हण की.

ती म्हणाली, "धनी..."

कपाळावर थेंब पडला. गोटे तापून चटके बसत होते, आन् थेंब माठातल्या पाण्यासारखा गार. मंग तिचे तळवे माझ्या पापण्यांवर आले. मढ्याचे डोळे मिटवतात तसे. दाबून.

"आता... उठायचं न्हाई," ती म्हणाली.

मला उठायचं बी नव्हतं. हे नीट ऐकून घ्या, कारण माझी लाज इथंच हाय. भेव वाटत होतं, तरी मी पडून राहिलो. उघड्या मांड्यांनी. आणखी थोडं रडू दे म्हणून.

शिट्टी झाली. तळवे गेले. डोळे उघडले तं वढा रिकामा, आन् वळणावरून डाक्टर हसत येऊन राहिलेले. माहेनूरबाईनं आपली ओढणी काढून माझ्या मांड्यांवर टाकली.

"आजोबा, कमाल केलीत! पण मेलेल्यानं रडायचं नसतं."

"मी?"

"वरपर्यंत ऐकू येत होतं. बाईचा आवाज काय काढलात!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाई म्हणलं न्हाई. टाळ्या घेतल्या आन् खाली मान घालून घरी आलो.

मिराबाई दारातच, सकाळी बसली होती तशी.

"तू आलती का वढ्यात?"

"हे गुडघे घेऊन? याडबिड लागलं का? रडलं का कोनी?"

"रडली एक."

"कोन म्हणून रडली?"

बायकोला कसं सांगावं, की दुसरी कोन तरी मला धनी म्हणून रडली? खाली बघून म्हणलं, "बाप म्हणून."

तिचं तोंड उजळलं. "मिना! कानावर गेलं आसंल तिच्या. आली आसंल धावत. लावा फोन, खरी खबर द्या लेकीला."

आता सुटका नव्हती. बंडीतून मोबाईल काढला, चालू केला, लावला.

"मी बोलून राहिलो."

मंग मिना म्हणाली, "बापू? ...आई तं म्हणली तुमी गेले."

"कवा?"

"दुपारी. तुमच्याच मोबाईलवरून. रडत होती. म्हणली, वढ्यात हाय मी, त्यांच्यापाशी. तू येऊ नको, मी नेते त्यांला."

मोबाईल दुपारभर माझ्या छातीवर होता, बंद. मिराबाई माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होती.

तिथंच फोन ठेवायचा. पण माझ्या तोंडातून गेलं, "मिना... तू रडली का?"

"गॅसवर दूध होतं, ते उतरवलं," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय न्हाई तिला, माझ्यावर गेलीय. "मंग बसले. वाट बघितली, बापू. आलंच न्हाई रडू."

मिराबाईनं मान वर केली. "काय म्हणते? रडली का माजी लेक?"

"रडली म्हणते," मी सांगितलं. "लई रडली."

"टळलं मंग!" ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

फोन कानालाच होता. मिनाचा आवाज एकदम बारीक झाला. "बापू, आई तं हसून राहिलीय... मंग तुमच्यामागं रडतंय कोन?"

मागं भिंत होती, आन् भिंतीला खुंटीवर माझा पटका. राखेचा वास आला.

मी वळलो न्हाई. माझ्यासाठी रडणारी ती एकलीच. वळून बघितलं आन् तिनं रडायचं थांबवलं तं...