शेवटच्या चौकातलं नाव

"कापा रं, कापा! एकबी गनीम सुटू नये!"

ज्वारीच्या रानातून आरोळी आली आणि पाठोपाठ गोफणीचा दगड सोनाजीच्या पटक्याला चाटून गेला. गोरेगावहून शिरड शहापूरला निघालेला हा तरणा शाहीर बांधावर मटकन बसला.

राखणीच्या उंच माच्यावरची पोरगी खळखळून हसली. "लागलं का?... पाखरं हाकलून राहिले मी."

"पोवाडा म्हणून?"

"आमच्याकडची पाखरं लढाईबिगर हलत न्हाईत."

अडतीस सालचा माघ होता. ती चतुरा – शाहीर संतरामांची लेक. संतरामांचा गळा बसला होता, म्हणून यंदा जत्रेत त्यांचा पोवाडा गायला सोनाजीला बोलावणं होतं.

मग तो रोज माच्याखाली बसून चाल घोकू लागला. हवेत हुरड्याचा वास, वरून बांगड्यांची किणकिण... आणि टोमणे.

"घोडं उधळलंय अन् तुमी म्हशीवानी चालून राहिले! दम तोडू नका मधीच."

"तुमच्या आबांनी बांधलंय मात्र जोरदार."

गोफण थांबली. "आबा बांधत न्हाईत आता... मी बांधते."

"मग शेवटच्या चौकात नाव त्यांचं काहून?" पोवाडा संपताना शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गायचं, ही रीतच होती.

"पोरीचं नाव डफावर कोण घेईल?" ती हसली, पण नजर दूर पाखरांवर गेली.

जत्रेत पोवाड्यातला किल्लेदार पडला तेव्हा म्हातारेही डोळे पुसत होते. सोनाजीनं दम भरला –

"चतुरा बांधी पोवाडा हा, शिरड तिचं गाव,
सोनाजी गातो डफावरी गर्जून तिचं नाव!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, पाव्हण्यानं उखाणाच घेतला की! घास कवा भरवतो?"

हशा उसळला. सोनाजी पांढराफटक पडला. द्यायला गेला मान, आणि झाली तिची थट्टा!

बायकांतून चतुरा उठली. पळून जाईल असं वाटलं, तर ती सरळ डफापाशी आली.

"पोवाडा माझाच हाय. इचारा आबांना."

संतरामांनी मान हलवली. "व्हय. तिचाच."

ती सोनाजीकडे वळली, हळूच म्हणाली, "नाव चुकून आलं, का... मनातून?"

"मान द्यायला घेतलं होतं..." तो अडखळला, मग हसला. "पण आता परत घेणार न्हाई."

"मग धरा ठेका."

आणि भरल्या जत्रेत तिचा आवाज चढला –

"तोफेपुढं ना झुकली मान, हशाला काय भ्यावं?
सोनाजीरावांचं नाव घेते, ऐको समदं गाव!"

साथीदार आ वासून उभे. तेव्हा संतराम बसक्या गळ्यानं ओरडले,

"बघता काय लेकहो? शाहीर गाऊन राहिली... 'जी जी' म्हणा!"