काळवंडलेली ग्रीक कन्या

घागर घेतलेल्या ग्रीक कन्येच्या तोंडाला कोणीतरी काळं फासलं होतं आणि चित्रकार ल्यूशस हॅरबिन बोट दाखवून ओरडत होता, "हिनेच! शिपायाला बोलवा!"

जिच्यावरून चित्र काढलं होतं ती टॅबिथा दाराशी उभी होती. चित्र बिघडवणारी म्हणून नाव झालं की लंडनमधला एकही चित्रकार तिला पुन्हा चित्रासाठी उभं करणार नव्हता.

गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या मिसेस टॅन्सली चित्रापुढे वाकल्या. सोबत त्यांचे दीर बर्ट्रम होते. त्यांना सगळं कळायचं, फक्त सगळ्यांच्या नंतर.

"काल तुमचं दोघांचं भांडण झालं म्हणे. कशावरून?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या चित्राला दुसरी मुलगी घेणार म्हणाले," टॅबिथा म्हणाली. "मी चार शब्द सुनावले आणि घरी गेले."

"ती गेल्यावर मी चकाकीसाठी चित्रावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात मारला," ल्यूशस म्हणाला. "रंग पुरता सुकेपर्यंत खरं व्हार्निश वर्षभर लावता येत नाही ना! बागेचं दार उघडंच असतं. आली असेल परत. ॲकॅडमी प्रदर्शनासाठी आज संध्याकाळपर्यंतच चित्रं घेते, माझं वर्ष बुडालं!"

"पोलीस कशाला, ल्यूशस?" त्याची बहीण ऑगस्टा घाईने म्हणाली. "पोरीला जाऊ दे. पुढच्या वर्षी पाठव."

बाईंची नजर भिंतीवरच्या फुलांच्या चित्रांकडे गेली. "ही तुमची?"

"हो, पाण्याच्या रंगातली. तेलाच्या रंगाचा वास मला सोसत नाही."

बाईंनी हातमोजा काढला, बोट ओलं करून काळ्या डागाच्या कडेला घासलं. बोट काळं झालं.

"वहिनी, हात कशाला घाण करता?" बर्ट्रम म्हणाले. "मुलीचा राग होता, दार उघडं होतं. संपलं!"

"भावोजी, समोर सुरी पडलीय, तेलाच्या रंगाच्या नळ्या पडल्यात. रागावलेल्या माणसाने त्याच उचलल्या असत्या. इथे तर पाण्याचा रंग आहे. तो तेलाच्या चित्रावर ठरत नाही, ओघळतो. इथे एकसारखा बसलाय, कारण खाली अंड्याचा थर आहे. तो थर पाण्याने धुतला जातो आणि रंगही त्याच्याबरोबर जातो. म्हणजे ज्याने हे केलं त्याला थर माहीत होता आणि चित्र कायमचं बिघडवायचं नव्हतं, फक्त आजचा दिवस चुकवायचा होता. टॅबिथा थर द्यायच्या आधीच गेली होती. पाण्याच्या रंगांची पेटी या घरात एकाच माणसाकडे आहे."

ऑगस्टाने तोंड झाकून घेतलं.

"गेल्या वर्षी ॲकॅडमीने चित्र नाकारून परत पाठवलं तेव्हा तू महिनाभर अंथरुणातून उठला नाहीस," ती भावाला म्हणाली. "पुन्हा ते बघायची माझी ताकद नव्हती. शिपाई दारात आला असता तर मी खरं सांगितलंच असतं, देवाशपथ!"

बाईंनी ओला स्पंज फिरवला. काळं पाणी ओघळलं आणि खालून मुलीचा गाल जसाच्या तसा वर आला. बर्ट्रमनी टाळी वाजवली. ल्यूशस मटकन खाली बसला आणि रडता रडता हसू लागला. बहिणीवर रागवायचं त्याला सुचलंच नाही.

"अंडी आण, ऑगस्टा! पुन्हा थर द्यायचाय. आणि गाडीही बोलव!"

"थांबा," टॅबिथा म्हणाली. "मला गुन्हेगार ठरवलंत तेव्हा तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

ल्यूशस उठला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्याने टोपी काढली.

"ऐका सगळे!" तो घसा फोडून ओरडला. "टॅबिथा डनकने काही केलेलं नाही! मी मूर्ख आहे!"

खालून स्वयंपाकीण म्हणाली, "ते आम्हाला ठाऊकच होतं!"

टॅबिथा पायरीवर बसली आणि सकाळपासून अडवून धरलेलं रडू तिने एकदाचं मोकळं केलं.