सवड झाली की या

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगते, मध्ये कुणी हसायचं नाही.

माझ्या मावसबहिणीच्या, वेनिंगच्या बाबतीत घडलंय हे. मला सांगताना ती रडत नव्हती. थरथरतही नव्हती. आज भाजी कुठली आणली ते सांगावं, तसं सांगत होती.

त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गुरुवार होता तो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार क्लिवोन, पंचांगातला भुताखेतांचा दिवस. तसल्या संध्याकाळी आमच्या जावा बेटावर कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. ठिकाण तावांगमांगू, लावू डोंगराच्या अंगावरचं. हॉटेलचं नाव नाही घेत, उगाच मालकाच्या ओळखीचं कुणी निघायचं.

वेनिंग तिथं काउंटरवर होती. वडील गेले, सातव्या दिवसाचं जेवण झालं आणि ती लगेच कामाला लागली. तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालेलं. राग नाही, रडू नाही. पाहुणा समोर आला की हसू यायचं चेहऱ्यावर, तेवढंच. मॅनेजर पाक दार्माजी तर जाम खूश.

"हसायचं कसं ते हिच्याकडून शिका रे!"

त्यांचा नियम एकच. पाहुण्याच्या कानावर 'नाही' पडता कामा नये. काहीही मागू दे, म्हणायचं, "हो बू, आलेच." जमणार नसलं तरी. बू म्हणजे बाईसाहेब, पुरुष असला तर पाक. तसंही आमच्यात तोंडावर नाही कोण म्हणतंय? उशीर झाला की समोरच्यानं काय ते समजायचं. आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही. विचारलं तर समोरचा ओशाळतो ना.

हे लक्षात ठेवा.

तर त्या दुपारी धुकं इतकं उतरलं की गेट दिसेना. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. माक म्हणते ती आईला. मावशी खाली करांगपांडानला राहते, बाजारामागे. एकटीच.

"न्दुक, पोरी, अंगात वारं शिरलंय गं. पाठ धरलीये. सवड झाली की ये, नाणं फिरवून दे जरा. घाई नाही."

अंगात वारं शिरलं की आमच्याकडे डॉक्टर नंतर. आधी पाठीला तेल लावायचं आणि नाण्यानं लाल पट्टे उठेपर्यंत खरवडायचं. वेनिंगचे वडीलही असंच म्हणाले होते. वारं शिरलंय. नाणं फिरवेपर्यंत गेले.

"हो माक, आलेच," वेनिंग म्हणाली.

फोन ठेवला तर दारात सोलोहून आलेली बस उभी. शिक्षकांचं शिबिर होतं. पन्नास माणसं, पन्नास बॅगा.

ती पाक दार्माजींकडे गेली.

"पाक, आज धुकं फारच आहे, नाही?"

"हो ना! पाहुण्यांना आलं घातलेला चहा द्यायला सांग."

"खाली करांगपांडानलाही असेल…"

"असणारच."

झालं. एवढीच तिची रजा मागायची पद्धत. बॅगा उचलणारा मास गितो, म्हणजे गितोदादा, हे सगळं ऐकत होता.

"अगं, सरळ सांग ना. आई आजारी आहे, जाऊ द्या."

"तू सांगून दाखव. मागच्या महिन्यात तुझं लग्न ठरत होतं, तरी रजा मागितली नाहीस."

"म्हणून तर मोडलं!"

गितो हसत बॅगा घेऊन धुक्यात गेला.

आणि काउंटरवरच्या फोनचा एक दिवा लागला…

वेनिंगनं उचलला. पलीकडे म्हातारा, मऊ आवाज.

"न्दुक, कामात आहेस का गं? घाई नाही हं. सवड झाली की कुणी येईल का… अंगात वारं शिरलंय."

सवयीनं हसू आलं. सवयीनं शब्द आले.

"हो बू, आलेच."

फोन ठेवला. मग तिला जाणवलं.

त्या आवाजात श्वासच नव्हता.

फोनवर बोलताना माणूस श्वास घेतो की नाही? इथं दोन शब्दांच्या मध्ये… काहीच नव्हतं.

दिवा अजून लागलेला होता. त्याखाली नाव होतं, कांतिल.

कांतिल म्हणजे सगळ्यात शेवटची कॉटेज. दारात पांढरा चाफा. पाहुण्यांना देत नव्हते ती, जुन्या गाद्या टाकल्या होत्या आत.

"कुणाचा फोन गं?"

मागे बू तुमिराह उभ्या होत्या, हातात धुतलेल्या चादरी. खोल्या आवरणाऱ्या, हॉटेलातल्या सगळ्यात जुन्या बाई.

"कांतिलमधून."

बू तुमिराहंनी चादरी खाली ठेवल्या.

"कांतिलमध्ये फोनच नाहीये, पोरी. काढून टाकलाय. काय म्हणालीस तू?"

"आलेच म्हणाले."

मग हळूच सांगायला लागल्या.

बू रेत्नो म्हणून एक विधवा बाई दरवर्षी यायच्या. गर्दी ओसरली की. फार गोड स्वभाव. चहा थंड आला तरी "छान झालाय" म्हणणाऱ्या. गेल्या वर्षी अशाच धुक्यात त्यांनी फोन केला. कुणी येईल का, वारं शिरलंय. आधीची काउंटरवरची मुलगी म्हणाली, आलेच. तिला कामात जमलं नाही. बाईंनी काही दुसऱ्यांदा फोन केला नाही.

"सकाळी मीच गेले चहा घेऊन," बू तुमिराह म्हणाल्या. "खुर्चीत बसलेल्या. तोंड दाराकडे. शेजारी स्टुलावर तेलाची बाटली, नाणं, सगळं मांडून ठेवलेलं. आणि दार उघडं."

"उघडं का?"

"येणाऱ्याला ठोठावायला लागू नये म्हणून."

वेनिंगला काही वाटलं नाही. खरंच सांगते, ती म्हणाली मला, आतून सगळं बधिर होतं.

"आता?"

"आता जा आणि सांग, जमणार नाही. एवढंच. तोंडावर सांग. ताटकळत ठेवू नकोस. आधीच्या मुलीनं तेच केलं."

"आधीची मुलगी कुठं असते?"

बू तुमिराहंनी चादरी उचलल्या. "मास गितोला पाठवते तुझ्यामागे. निघ."

वेनिंग निघाली.

वाटेवर धुकं. पाइनमधून पाणी ठिबकत होतं. शिक्षकांचं हसणं मागे पडत गेलं… मग बंदच झालं. मग ठिबकणंही बंद झालं.

कांतिलचं दार किलकिलं होतं.

आत गाद्यांचा ढीग. मधोमध एक खुर्ची, तोंड दाराकडे. आणि वास… निलगिरीसारखा, तिखट. पाठीला लावतात त्या तेलाचा. आत्ताच बाटली उघडल्यासारखा.

खुर्ची रिकामी होती.

वेनिंग उंबऱ्यात उभी राहिली. हात पोटाशी जुळवले, मान झुकवली, हसली. पाहुण्यासमोर उभं राहतात तशी. 'जमणार नाही' म्हणायला तोंड उघडलं.

शब्द येईना.

परत प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज नाही.

मग तिच्याही नकळत ती म्हणाली, "बू, माझी आई आजारी आहे. मला घरी जायचंय."

तिनं कुणालाही सरळ सांगितलेलं हे कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य. तेही रिकाम्या खुर्चीला.

मग खुर्चीकडून, अगदी मायेनं…

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस? काय होतंय आईला?"

"वारं शिरलंय."

"एकटीच असते?"

"हो बू."

"कुठं राहते?"

पाहुण्यानं विचारलं की सांगायचं. हसून सांगायचं.

"करांगपांडान. बाजारामागे. निळं दार."

खुर्ची करकरली. कुणीतरी हातांवर भार देऊन उठावं तशी. तेलाचा वास जवळ आला, तिच्या खांद्याला घासून बाहेर गेला…

आणि धुक्यात मिसळला.

आपण काय सांगून बसलो, ते वेनिंगला तेव्हा कळलं.

ती धावत सुटली. वाटेत गितो भेटला. "गाडी काढ!" एवढंच ती ओरडली. काउंटर, शिक्षक, पाक दार्माजी, काही बघितलं नाही. उतारावर गितोनं गाडी इतकी पळवली की वळणावर दोनदा चाक घसरलं. रस्ता एकच आहे तो. वाटेत चालणारं कुणी दिसलं नाही.

घरी पोचली तर…

निळं दार उघडं होतं.

मावशी पलंगावर बसलेली. ठणठणीत. ब्लाउज चढवत होती. पाठीवर लाल पट्टे, ओळीत, एकसारखे. खोलीत तेलाचा वास.

"आलीस? अगं, कशाला धावत आलीस? तुझ्या हॉटेलातल्या बाईंना पाठवलंस ना तू?"

वेनिंगनं मागे वळून उघड्या दाराकडे बघितलं.

"काय गोड बाई! हात तेवढे गार. बर्फच. पण नाणं काय सुंदर फिरवतात! छातीवरचा दगड उतरला बघ. आत्ताच गेल्या, वाटेत भेटल्या असतील की."

टेबलावर चहाचे दोन ग्लास. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर झाकण तसंच.

"किती वेळा म्हटलं घ्या, घ्या. घेतलाच नाही," मावशी म्हणाली. "जाताना म्हणाल्या, तुम्हीही या ना एकदा आमच्याकडे वर. सवड झाली की. घाई नाही."

"मग तू काय म्हणालीस, माक?"

"काय म्हणणार? एवढं केलं त्यांनी माझं. हो म्हणाले. येईन म्हणाले."

दारात उभा असलेला गितो वेनिंगकडे बघत होता. तो म्हणतो, तिचा चेहरा हललासुद्धा नाही. ती जाऊन भरलेला ग्लास मोरीत ओतून आली. दार लावलं. कडी घातली. आणि आईच्या पायाशी बसून राहिली.

तिला नोकरीवरून काढलं नाही. पाक दार्माजी तरी तोंडावर नाही कसं म्हणणार? तीच परत गेली नाही. आता सोलोत एका दुकानात आहे. मावशीला आपल्याकडे ये म्हणते. मावशी म्हणते, हो, येते. आणि येत नाही.

ते नाण्याचे पट्टे चार दिवसांत जातात ना? मावशीचे अजून आहेत. मी ईदला गेले तेव्हा स्वतः बघितले. बाजारात विकायचे केळ्याचे काप तळता तळता ती म्हणाली, "अगं, त्या बाईंकडे जायचं राहूनच गेलं. हो म्हटलंय मी. हे तळणाचं काम आवरलं की जाऊन येईन."

"नाही, माक," वेनिंग म्हणाली.

आमच्या घरात आईला असं तोडून कुणी बोलत नाही. पण ती दर वेळी बोलते. तेवढाच शब्द. आवाज न चढवता, मान वर न करता. नाही, माक.

गितो अजून तिथंच आहे. तो सांगतो, कांतिलला कुलूप लावलं तरी संध्याकाळी दार किलकिलं असतं. आणि आत आता खुर्च्या दोन असतात.

त्या बाई काही दुसऱ्यांदा बोलवायच्या नाहीत. त्या नुसत्या वाट बघतात.

काल मी मावशीला फोन केला. सहज. आवाज छान होता तिचा, मोकळा.

"तळणाचं काम बंद केलं गं मी," ती म्हणाली. "आता सवडच सवड. दुपारची दार उघडं टाकून बसते. वरून वारं काय छान येतं आत…"