शेरभर कारळं विलायतेला

आमच्याकडं अनोळखी बाईला अक्का म्हणायची रीत आहे. त्या माणसानं मला अक्का म्हटलं नाही, आणि माझं लक्ष उडालं ते तिथंच.

गोष्ट त्रेपन्न सालच्या मार्गशीर्षातली. आमचं कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातलं, बसवण्णांचं, मुंबईजवळचं नव्हे. अप्पांचं, म्हणजे चनमल्लप्पांचं, भुसाराचं दुकान भर पेठेत होतं. अप्पा जेवायला घरी गेले की तासभर दुकान माझ्याकडं. सातवी शिकलेल्या निलम्मानं एवढं तरी करावं, असं ते म्हणायचे. मलाही चुलीच्या धुरापेक्षा धान्याचा वास बरा वाटायचा.

त्या शुक्रवारी दुपारी हुमनाबादच्या मोटारीतून उतरून तो सरळ दुकानात आला. भुवया धुळीनं पांढऱ्या, कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा, काखेत कागदांची पिशवी. नाव सिद्धराम. गुलबर्ग्याच्या चेंबरात, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मंडळात, कारकून होता. लंडनच्या कुणा बियाणेवाल्याचं मंडळाला पत्र आलं होतं, तुमच्या मुलखात अमुक बी मिळतं का म्हणून. मंडळ आता गावोगाव माणूस धाडून चांगला माल कुठं आहे ते बघत होतं. नमुना पसंत पडला तर पोती कशी शिवायची, कागद कोणते करायचे, मुंबईत कुणाला गाठायचं, सगळं मंडळच सांगणार. आणि शेवटी शिक्का मारून दाखला देणार, की माल इथलाच आहे.

"आन तिथं खाणार कोण?" मी विचारलं.

"पिंजऱ्यातली पाखरं."

मला हसू आवरेना. तोही हसला... आणि मग त्यानं कानडीत मालाचं नाव सांगितलं. तो म्हणाला गुरेळ्ळु, म्हणजे कारळं. मी ऐकलं करेळ्ळु, म्हणजे काळे तीळ. खरं सांगायचं तर मी आवाज ऐकत होते, शब्द नाही. शेरभर काळे तीळ मी नीट पाखडले, कापडी थैलीत भरले आणि वर माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. तो माझ्या हातांकडं बघत उभा होता. सोमवारी मुंबईला पार्सल निघतं, एवढं सांगून तो "येतो" म्हणाला. उंबऱ्याशी जरा थांबला – आणि गेला.

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. पाखरांना तीळ कशाला घालतील, म्हणाले. विलायतेला कारळं जातं, हे तर बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. वर मंडळाचा शिक्का आणि आत भलताच माल. अप्पांचं नाव तिकडं पोचायच्या आधीच बुडणार, त्या माणसाची नोकरी जाणार, आणि तो आमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. यातलं शेवटचंच मला जास्त लागलं. लाज वाटली, पण लागलं.

शनिवारी पहिल्या मोटारीनं शेरभर निवडक कारळं घेऊन आम्ही बापलेक गुलबर्ग्याला गेलो. मंडळाच्या कचेरीत सिद्धराम टेबलापाशीच होता. आम्ही दारात दिसताच तो उठला आणि चिटणिसांच्या देखत अप्पांना म्हणाला, चूक त्याची आहे. नाव त्यानं नीट उच्चारलं नाही, आणि तीळ-कारळ्यातला फरक त्याला कळला नाही. अप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कारळं घेऊन चिटणिसांबरोबर आतल्या खोलीत गेले.

तो खाली बघत होता. त्यानं खणातून माझी थैली काढून टेबलावर ठेवली. गाठ तशीच होती, कुणी सोडलेली नव्हती. आणि आम्ही कशाला आलो, हे तर आम्ही अजून सांगितलंच नव्हतं.

"गाठ सोडली न्हाई, मग तीळ हायेत हे कळलं कसं?" मी विचारलं.

"हुलसूरचा हाय मी, तुमच्या कल्याणजवळचाच. आमच्या रानात दोन्ही पिकतंय. तुमी पाखडायला लागलाव तवाच दिसलं."

"मग तवाच सांगितलं कामून न्हाई?"

तो कानापर्यंत लाल झाला. एका कोऱ्या दाखल्याचा कोपरा उगाच दुमडत राहिला.

"सांगितलं असतं तर... काम तिथंच संपलं असतं. उद्या परत यायला कायतरी निमित्त पायजे व्हतं."

"आन अक्का कामून म्हणलं न्हाई?"

"जीभच वळली न्हाई."

आता लाल व्हायची पाळी माझी होती. आतून अप्पांची पावलं वाजली तशी मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

परतीच्या मोटारीत अप्पा खुशीत होते. चिटणिसांना कारळं पसंत पडलं होतं, सोमवारी तेच जाणार होतं. बाहेर ज्वारी कणसांनी निसवली होती, खिडकीतून गार वारं येत होतं. थोड्या वेळानं अप्पा आपणहून म्हणाले, की पोरगं तसं गुणाचं वाटलं होतं, शरणांच्या, म्हणजे आपल्याच पंथाच्या घरचं दिसतंय. पण ज्याला तीळ आणि कारळं ओळखता येत नाही, त्याला व्यापाऱ्यानं पोरगी द्यायची कशी?

मी गप्प राहिले असते तर तो अप्पांच्या लेखी कायमचा बावळट ठरला असता. आणि बोलले असते तर मनातलं सगळंच बाहेर आलं असतं. दोन मैल मी रस्त्याकडेचे दगड मोजले. तिसऱ्याला राहवलं नाही.

"अप्पा... त्यानी ओळखलं व्हतं."

"मग गप कामून बसला?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघत राहिले. अप्पांना काय कळायचं ते कळलं असावं. हुमनाबादला मोटार थांबल्यावर त्यांनी चहा मागवला, एक कप माझ्यापुढं सरकवला आणि आपला बशीत ओतला.

"गाव कुठलं म्हणलीस त्याचं?"

म्हटलं नव्हतंच मी. "हुलसूर," मी हळूच सांगितलं.

अप्पांनी बशीवर फुंकर घातली, एक घोट घेतला.

"म्हंजे माल इथलाच हाय," ते म्हणाले.