दोन बोटांचं वजन

वीस किलो लिहिलेली प्लेट वीस किलोची कधीच नसते. यावर मी कोणाशीही पैज मारायला तयार आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांचे वजनकाटे तपासून, दुरुस्त करून देणं हा माझा बारा वर्षांचा धंदा, आणि या धंद्याने माणूस जरा खवचट होतो. कोणी ‘साधारण एवढं’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत खाली लाल मातीचा आखाडा आहे आणि वर जिम. जिम म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली, एक आरसा, एक बेंच आणि बावीस प्लेटा. त्या प्लेटा आमच्या वडिलांनी, आण्णांनी, ओतलेल्या. ते शिरोलीतच मोल्डर होते. मालकाला विचारून, सुट्टीच्या दिवशी, उरल्यासुरल्या लोखंडातून त्यांनी तालमीसाठी ते काम केलं. साचा हाताने भरलेला, त्यामुळे एक प्लेट दुसरीसारखी नाही. वीसची कुठे एकवीस भरते, कुठे एकोणीस. दोन्हीकडे ‘वीस-वीस’ चढवल्या की दांडा एका अंगाला कलायचा आणि माझा धाकटा भाऊ ऋतुराज आडवा पडल्या पडल्या ओरडायचा, “दादा, जगाचं काटं नीट करतोस, घरचं कवा करणार?”

म्हणून एका रविवारी मी तीनशे किलोचा काटा टेम्पोतून आणून वर चढवला. एकेक प्लेट मोजली, पांढऱ्या रंगाने तिच्यावर नंबर घातला. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मी काही इंजिनियर नाही, काट्यांचे डिस्प्ले जुळवताना जेवढं शिकलो तेवढंच मला येतं. एकसष्ट ओळी झाल्या. तालमीतल्या सगळ्यांच्या फोनवर तो घालून दिला. फोनवर हवं ते वजन टाकायचं; कुठल्या नंबरच्या प्लेटा डावीकडे, कुठल्या उजवीकडे आणि एकूण फरक किती, हे तो सांगायचा. शेवटची ओळ कायम एकच : ‘लॉक लावा’. प्लेटा सरकू नयेत म्हणून दांड्याच्या टोकांना चिमटे लावतात, ते लॉक. पोरं कंटाळा करायची. मी त्यांना कंटाळा करू देणार नव्हतो.

तालमीचा एक नियम आहे. बेंचवर झोपून वजन मारणाऱ्याच्या डोक्याशी माणूस पाहिजेच. त्याला सपोर्ट म्हणतात. माझा सपोर्ट ऋतुराज, त्याचा मी. माझे हात थरथरायला लागले की तो दांड्याखाली दोन बोटं लावायचा आणि ओरडायचा, “तुझंच हाय, दादा! तुझंच हाय सगळं!”

“किती उचललंस?” मी उठून विचारायचो.

“नुसती दोन बोटं लावलीती की.”

मला ते पटेना. एकदा मी बेंचच काट्यावर ठेवला, खाली जाड प्लायवूड घालून. दांडा अर्ध्यावर धरून थांबलो आणि त्याला बोटं लावायला सांगितली. आकडा उतरला तो चार पॉइंट दोन किलोंनी. “चार किलो दोनशे ग्रॅम,” मी म्हटलं, “आणि म्हणे तुझंच हाय.” तो इतका हसला, की खाली मातीत जोर काढणारी पोरं थांबून वर बघायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे पाच चाळीसला त्याचा मेसेज आला, ‘आलास का?’

मी पांघरुणात होतो. पांघरुणातूनच लिहिलं, ‘निघालोय, तू सुरू कर.’ या गावातली निम्मी माणसं रोज सकाळी ही थाप मारतात, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. घरापासून तालीम चार मिनिटांवर आहे. मी कूस बदलली आणि झोपलो.

त्याने ब्याण्णव किलो चढवले. दादा जिन्यात आहे या भरवशावर तो आडवा पडला. लॉक लावलेले होते. नसते, तर दांडा तिरका करून प्लेटा पाडून त्याला सुटता आलं असतं. सहा वीसला तालमीची किल्ली सांभाळणारे आप्पासो वर आले, तेव्हा दांडा त्याच्या गळ्यावर होता.

दवाखान्यात त्याचा फोन माझ्या हातात दिला. पासवर्ड मला ठाऊक होता. तिथल्या बाकावर बसून मी ते दोन मेसेज पुसले, आधी त्याच्या फोनमधले, मग माझ्या.

आई चार वर्षांपूर्वीच गेली. घरात आता आण्णा आणि मी. तेराव्याची माणसं पांगल्यावर आण्णांनी विचारलं, “विशू, त्यो एकटा कवाच वजन मारत न्हवता. मग त्या दिवशी कसं काय झालं आसंल?”

मी म्हणालो, “प्लेटांत फरक आसंल, आण्णा. दीड-दोन किलो जास्त पडलं आसंल.”

आण्णांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. “म्हंजी माझ्याच हातनं,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. सकाळी चहा पुढे ठेवला की एकच प्रश्न असायचा, “मोजल्यास का प्लेटा?” मी म्हणायचो, “बघतो, आण्णा.” त्या प्लेटा मी कधीच मोजल्या होत्या, आणि नंबर बघून चढवल्या की शंभर ग्रॅमचाही फरक पडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, की मग तो एकटा का झोपला दांड्याखाली. त्याचं उत्तर जगात माझ्या एकट्याकडे होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर ते काढायची माझी छाती नव्हती. मी भेकड आहे, दुसरा शब्द नाही.

मार्चमध्ये मी पुन्हा तालमीत गेलो. सकाळचं ऊन पत्र्यावर नुकतं पडायला लागलं होतं, खोलीला लोखंडाचा आणि घामाचा वास होता. फोनवर साठ टाकले. डावीकडच्या प्लेटांचे नंबर आले, उजवीकडचे आले, फरक आला. त्याखाली एक नवी ओळ होती.

‘डोक्याशी : −४.२’

त्याखाली ‘लॉक लावा’.

मला आधी राग आला. वाटलं, ऋतुराजनेच कधीतरी गंमत करून ठेवली असणार. तिथेच बसून मी एकसष्टच्या एकसष्ट ओळी वाचल्या. ‘डोक्याशी’ हा शब्दच त्यात कुठे नव्हता. उणे वजनाची प्लेट तर यादीत असूच शकत नाही. घरी येऊन सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी ओळ तिथेच.

आप्पासोंनी त्यांच्या फोनवर बघितलं. “ह्ये काय नवीन काढलंस?” ते म्हणाले. त्यांच्याही फोनवर ती होती.

काटा अजून वरच होता. मी बेंच त्यावर चढवला आणि आप्पासोंना डिस्प्लेसमोर उभं केलं, बेंचपासून दहा फुटांवर, दाराशी. आडवा झालो. साठ किलो हातात घेऊन दांडा अर्ध्यावर धरला.

“आप्पा, आकडा सांगा.”

ते डिस्प्लेवर वाकले.

“आप्पा.”

“एकशे अठ्ठावन सहाशे.” मग जरा वेळाने, “आता एकशे चोपन चारशे झालं. विशू, हालू नगंस की.”

मी हललो नव्हतो. दांडा मात्र हलका झाला होता. डोक्याशी कोणी नव्हतं, आरशात मला ते दिसत होतं. रिकामी भिंत, तिच्यावर खुंटीला अडकवलेला त्याचा टॉवेल. आप्पासोंनी किल्ली खिडकीत ठेवली आणि त्यानंतर मी असताना ते वर आले नाहीत.

मला भीती वाटली नाही, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तिथे होतो. सवा महिना मी भावाचं नावसुद्धा मोठ्याने घेतलं नव्हतं, आणि तिथे दांडा अर्ध्यावर आला की ती दोन बोटं लागायची. मी झोपल्या झोपल्या रडायचो, हात मोकळे नसल्याने डोळे पुसता यायचे नाहीत. मला एवढंच पुरेसं होतं. आयुष्यभर पुरलं असतं.

पण आकडा उतरू लागला.

काट्यांच्या धंद्यात वही ठेवायची सवय असते. मी ठेवली. चार दोनचे तीन सहा झाले. मग तीन शून्य. दोन दिवस तीनच राहिले, मग दोन चार. मी तारखा लावून बघितल्या. ज्या सकाळी आण्णा “मोजल्यास का प्लेटा?” विचारायचे आणि मी “बघतो” म्हणायचो, त्या दिवशी सहाशे ग्रॅम कमी. ज्या दिवशी ते विचारायचे नाहीत, त्या दिवशी आकडा होता तिथेच.

हे कळल्यावर मी काय केलं असेल? आण्णा उठायच्या आत घरातून निघू लागलो. प्रश्नच कानावर पडू नये म्हणून.

ते दाराशी येऊन थांबू लागले. भिंतीला धरून उभे, बनियनमधून बरगड्या मोजता येतील असे. “मोजल्यास का, बाळ?”

“बघतो, आण्णा.”

एक आठ. एक दोन. शून्य सहा. सातव्या वेळी मी “बघतो” म्हणालो त्या दिवशी दांडा अर्ध्यावर घेऊन मी हात भरून येईपर्यंत थांबलो. दोनदा त्याला हाक मारली. साठ किलोचे साठच राहिले.

त्या शनिवारी आण्णांनी मोल्डिंगच्या जुन्या मित्राला फोन केला. “उद्या टेम्पो सांगितलाय,” ते मला म्हणाले. “प्लेटा भट्टीत घालायच्या. तालमीला दुसऱ्या घिऊन दिऊ. पर आदी मी सोता मोजणार. किती चुकलो त्ये मला बघू दे.”

रविवारी दहाच्या सुमाराला मी त्यांना जिना चढवून वर नेलं. दर चार पायऱ्यांना ते थांबत होते. वर आल्यावर त्यांनी एका प्लेटेवरून हात फिरवला, गाय गोंजारावी तसा. मग स्टुलावर बसले, चष्मा लावला आणि माझा फोन मागितला.

“त्या दिवशी किती व्हतं?”

“ब्याण्णव.”

त्यांनी बोटाने हळूहळू आकडा टाकला. “मी वाचतो, तू चढव.”

ते वाचत गेले. डावीकडे चार, नऊ, सतरा. उजवीकडे दोन, अकरा, वीस. मी चढवत गेलो. लॉक लावले. बेंच अजून काट्यावरच होता; सवयीने बटण दाबलं, डिस्प्लेवर शून्य आलं.

“फरक,” आण्णांनी वाचलं, आणि फोन डोळ्यांजवळ नेला. “झिरो पॉइंट झिरो पाच. म्हंजी?”

“पन्नास ग्रॅम.”

“पन्नासच?”

“व्हय.”

“तू तर दोन किलो म्हनलावतास.”

मी लावलेलं लॉक पुन्हा आवळलं.

“डोक्याशी, शून्य,” त्यांनी पुढे वाचलं. “ह्ये काय आसतंय?” मग ते शेवटच्या ओळीवर गेले. तिथे ‘लॉक लावा’ आहे, हे मला पाठ होतं. बोट ओळीखाली ठेवून, एकेक शब्द सुटा करत आण्णांनी वाचलं :

“निघालोय. तू. सुरू. कर.”

खाली आखाड्यात कोणीतरी खोऱ्याने माती ओढत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

“ह्ये कुनी लिवलंय रं?”

मी ते माझ्या फोनमधून पुसलं होतं. त्याच्या फोनमधूनही पुसलं होतं.

“मी,” मी म्हणालो. “मीच लिवलंवतं, आण्णा. त्यानं इचारलंतं आलास का म्हनून. मी हातरुणात व्हतो. निघालोय म्हनून सांगितलं आनि झोपलो.”

आण्णांनी चष्मा काढला. त्यांच्या तोंडावर राग दिसेल म्हणून मी वाट बघितली. तो आला नाही. त्यांनी बराच वेळ प्लेटांकडे बघितलं, एकेका नंबराकडे.

“म्हंजी माझ्या प्लेटा बरुबर व्हत्या.”

“व्हय, आण्णा. बरुबर व्हत्या.”

ते उठले. माझ्याकडे न बघता, भिंतीला हात लावत जिन्याकडे गेले. त्यांना धरायला मी पुढे झालो तर त्यांनी कोपर आखडून घेतलं. त्यांचं एकेक पायरी उतरणं मी मोजत राहिलो. सगळ्या पायऱ्या संपल्या.

खोलीत मी आणि तो भरलेला दांडा उरलो.

मग डिस्प्लेवरचा आकडा हलला.

शून्याचं उणे एक झालं, उणे तीन झालं, आणि उणे चार पॉइंट दोनवर येऊन ते थांबलं. थरथर नाही, काही नाही. धंद्यात एवढं स्थिर वाचन मी क्वचित बघितलंय.

बेंच रिकामा होता. डोक्याशी कोणीतरी तयार उभं होतं, आणि आता फक्त मी आडवं व्हायचं राहिलं होतं.