पांढरं पडलेलं डोरलं

विश्राम जमादारांच्या थोरलीचं लग्न झालं ते साल चौऱ्याऐंशी. दारातला मांडव अजून उतरवायचा होता, तोच बोईसरच्या चौकीवरून शिपाई धावत आला. सरावलीच्या चाळीतली एक सून विहिरीत सापडली होती.

सुगंधा तिचं नाव. वय बाविशीचं. नवरा बन्सी कारखान्यात रात्रपाळीला. माणसं मूळची परभणीकडची. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, इंदुबाई.

लेकीला भेटायला गावाहून आलेला तिचा बाप रामकिसन विहिरीपाशी उकिडवा बसला होता. त्याने मूठ उघडली. तळहातावर डोरल्याच्या दोन वाट्या होत्या, कथलासारख्या पांढऱ्या.

"यातली माहेरची वाटी मी घडवली होती, चोख सोन्याची. म्हातारीनं ती गिळली अन् लेकीच्या गळ्यात हे बांधलं. छळून येडं केलं, दात पाडले. हिला आत घाला, जमादार."

इंदुबाई खाली मान घालून बसली होती. तिला बेड्या पडणार, हे चाळ धरूनच चालली होती. जमादारांनी प्रेत पाहिलं. अंगावर माराचा वळ नव्हता. हिरड्या मात्र सुजून काळवंडल्या होत्या आणि पुढचे दोन दात गेले होते.

शेजारच्या साखरबाईला त्यांनी बाजूला घेतलं.

"सासू मारायची?"

"तोंडाची फटकळ हाय, पण हात उचललेला कुनी बघला नाय. आज सुगंधा एकटीच गेली विहिरीवर. मी हाक मारली त पदरात तोंड लपवलं."

"पहिल्यापासून अशीच?"

"नाय वो. नवी आली तवा सगल्या चाळीला हसवायची. गेल्या पावसापासून फिरली. कोन आलं का दाराआड. कप धरला का च्या सांडायची. मधेच रडायची, मधेच अंगावर धावायची. भगत म्हनाला, झपाटलीय. त्याला कोंबडा तेवढा मिलाला."

जमादार घरात शिरले. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर. कारखान्यांचा वास येतो म्हणून मागच्या खिडकीला फळ्या ठोकलेल्या. कोपऱ्यात स्टो, त्याला चिकटून तांदळाचा पत्र्याचा डबा. पावसात तांदूळ सर्दावू नये म्हणून तो उबेला ठेवलेला.

"इंदुबाई, कोण कुठं झोपायचं?"

"मी पुढं. मला खोकला, तिची झोप मोडायची. ती आत, डब्यापाशी."

"रांधायची तीच?"

"तीच. आत उभं ऱ्हायलं की माझा जीव गुदमरतो."

"माहेरी कधी गेली होती?"

"दिवाळीला, महिनाभर. चांगली होऊन आली. म्हणून तर व्याही म्हणतेत, सासूच वैरीण. इथं आली अन् पुन्हा तेच."

जमादार वाट्या घेऊन पालघरला गेले. सोनाराने दुकानाबाहेर, वाऱ्याला पाठ करून त्या तापवल्या. पांढरेपणा उडाला, पिवळं सोनं वर आलं.

"अस्सल आहे, जमादार. पारा चढला होता."

तिथून ते डॉक्टरांकडे गेले. हिरड्या, दात, कापरे हात, लपणं, चिडणं, सगळं सांगितलं. परत येऊन त्यांनी घरच्यांना जमवलं आणि अंगणात तांदळाचा डबा परातीत हळूहळू ओतला. तळाशी चांदीसारखे थेंब पळू लागले.

"सोनं कोणी चोरलं नाही, डब्यातून तांदूळ घेताना लागलेल्या पाऱ्याने झाकलं," जमादार म्हणाले. "डॉक्टर सांगतात, पाऱ्याची वाफ श्वासातून मेंदूत जाते. दात हलतात, हात कापतात, माणूस माणसाला भितो. डबा उबेला, खिडकी बंद, आणि पोरगी दिवसरात्र तिथेच. सासू पुढच्या दारात झोपायची, बन्सी रात्री कामावर. माहेरची हवा लागली की ती सुधारायची. हा आजार होता. सासूने लावला नाही आणि भुतानेही नाही. पारा कोणी आणला?"

बन्सीचा चेहरा उतरला.

"मी. कामावर पाऱ्याच्या मापाची काच फुटली, तेव्हा बाटलीत भरून आणला. गावाकडं कणगीत घालतेत, कीड लागत नाही."

"तिथे कणगी उघड्या वाऱ्यावर असते, बन्सी."

"तिला किडे मारवत नव्हते, साहेब. दुपारभर एकेक वेचून बाहेर सोडायची. म्हणलं, तिचा तरास वाचंल." त्याने दोन्ही हात पुढे केले. "आईला सोडा. मला घाला आत."

जमादारांनी त्याला बेड्या घातल्या नाहीत. रामकिसन उठला. विहिणीसमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला. इंदुबाईने त्याला बसायला पाट सरकवला.

सुगंधा गेली ती चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. इंदुबाई तिच्यामागे दोन वर्षांनी गेली, खोकल्याने.